रंगवलेला अल्टरनेटर आणि सोळा हजारांचे बिल

वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी अजूनही ठाण्यात चालवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यांवरून गेल्या आणि या गाडीची वायरिंग तोंडपाठ असणारे कारागीरही हळूहळू पांगले. त्यामुळे ‘पद्मिनीचे काम करतो’ असे म्हणणारा कोणी भेटला की आपण अर्धे निश्चिंत होतो, आणि मी तसाच झालो.

पावसाळ्यात स्टार्टर जड फिरू लागला आणि हेडलाइट लावले की वायपर मंदावू लागले. वागळे इस्टेटच्या बाजूला गॅरेज असलेल्या एका इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, १२.५ व्होल्टचा आकडा मला दाखवला आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) गेला, त्याच्यापायी बॅटरीही गेली, असे सांगितले. चार्जिंग नीट असेल तर तिथे साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत हे मला ठाऊक होते, म्हणून चार्जिंग कमी आहे हे मला पटले; आकडा खोटा नव्हता. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. ‘नवा’ अल्टरनेटर ९,५००, बॅटरी ५,२०० आणि मजुरी १,५०० असे १६,२०० रुपये मी दिले. हाती आला तो साध्या कागदावरचा हिशेब, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना सुट्या भागांचा उल्लेख. माझी आठ महिन्यांची बॅटरी अजून वॉरंटीत होती, परंतु ‘भंगारात वजा केली’ म्हणून ती त्याने ठेवून घेतली. वॉरंटी कार्ड आजही माझ्या कपाटात आहे, पण ज्या क्रमांकाची बॅटरी दाखवायची तीच हातात नाही.

चार दिवस गाडी उत्तम चालली. पाचव्या दिवशी संध्याकाळी घोडबंदर रोडवर, भर पावसात, सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरूच होईना.

शेजारच्या काकांच्या ओळखीने नौपाड्यातले एक निवृत्त वायरमन घरी आले. त्यांनी काहीही उघडण्याआधी मला स्टार्टर मारायला लावला आणि चोकच्या, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या मुठीच्या, केबलला हात लावून पाहिला. ती गरम होती. मला महिनाभर चोकची मूठ कोमट लागत होती आणि मी ती इंजिनची ऊब समजत होतो, हे त्यांना सांगताना मला संकोच वाटला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध मुख्यतः एका विणीच्या अर्थिंग पट्टीने जोडलेला असतो; ती पट्टी गंजली की स्टार्टरचा प्रवाह चोकच्या केबलसारख्या आडवाटेने परत जाऊ पाहतो. मग गाडी ढकलून सुरू करून, हेडलाइट लावून, त्यांनी अल्टरनेटरच्या टोकाशी १३.९ आणि बॅटरीवर १२.८ मोजले. अल्टरनेटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटर लावला तेव्हा १.१ व्होल्ट दिसले, जिथे ०.२ च्या वर जायला नको. म्हणजे अल्टरनेटर चांगला होता, त्याची वीज वाटेत अडकत होती. जड स्टार्टर आणि अपुरे चार्जिंग ही एकाच पट्टीची दोन रूपे होती, आणि त्या दोन रूपांवर मला दोन स्वतंत्र वस्तू विकल्या गेल्या.

पट्टीच्या बोल्टवर ताज्या पान्याच्या खुणा होत्या. त्या इलेक्ट्रिशियनला दोष समजला होता. त्याने बोल्ट आवळून चार दिवसांची सोय केली होती, गंज मात्र तसाच ठेवला होता.

यापुढचे मी स्वतः पाहिले नसते तर मला खरे वाटले नसते. जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना बेल्ट सरळ यावा म्हणून वडिलांनी अल्टरनेटरच्या कानाचे, म्हणजे बोल्ट बसतो त्या भागाचे, एक भोक कानसीने लांबवले होते. चंदेरी रंगाच्या त्या ‘नव्या’ अल्टरनेटरवर तेच लांबट भोक होते, आणि रंगाखाली कानसीच्या रेघाही जाणवत होत्या. बसवलेल्या बॅटरीवरची तारीख खरवडलेली होती. पूर्ण चार्ज करून रात्रभर काही न जोडता ठेवली तरी सकाळी ती १२.१ वर आली. चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते.

मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा त्याने आवाजही चढवला नाही. “साहेब, कागदावर काय लिहिलंय ते वाचा,” एवढेच तो म्हणाला. कागदावर ‘अल्टरनेटर काम’ असे लिहिले होते, ‘नवा’ हा शब्द कुठेच नव्हता. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवता येते, पण त्या कागदाच्या बळावर तिथे काय सिद्ध करणार, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आता गाडी कोणाकडेही द्यायची तर मी अल्टरनेटरवर आणि बॅटरीवर टोकदार खिळ्याने खूण करतो, बॅटरीच्या क्रमांकाचा फोटो काढतो आणि काढलेला भाग परत हवा असे आधीच सांगून ठेवतो. हे ऐकून एका गॅरेजवाल्याने काम घेण्यास नकार दिला. नवी अर्थिंग पट्टी मला १८० रुपयांना मिळाली.