रोह्सचं सर्टिफिकेट आम्ही १ लाख ३५ हजारांना विकत घेतलं

गेल्या मंगळवारी सकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘मॅडम, आपल्या रोह्स सर्टिफिकेटची तीन वर्षांची मुदत या महिन्यात संपतेय. रिन्यूअलवर १५ टक्के सूट.’ पाठवणारा तोच, आम्हाला ते विकणारा सल्लागार. (रोह्स म्हणजे विजेच्या वस्तूंत शिशासारखे घातक पदार्थ किती चालतात ते ठरवणारा युरोपचा कायदा.) मधल्या काळात त्यानं माझा एक फोन उचलला नाही, पण मुदत बरोब्बर लक्षात ठेवली. तो अजून धंद्यात आहे म्हणजे अजून कुणीतरी त्याच्याकडं जातंय, म्हणून हे लिहायला बसले.

नाशिकला सातपूरमध्ये आमचा छोटा गाळा आहे. लेथ-मिलिंग मशिनवर लावायचे २४ व्होल्टचे एलईडी दिवे आम्ही बनवतो. ॲल्युमिनियमचं डोकं, वाकणारी मान, तळाला लोहचुंबक आणि दीड मीटर केबल. आम्ही दोघं धरून अकरा माणसं. हे डिझाइन आणि मशिनं बघतात, मी खरेदी, बिलं आणि एक्स्पोर्टचे कागद. २०२२ मध्ये जर्मनीतल्या एका आयातदाराची ४०० दिव्यांची ऑर्डर आली. मेलच्या शेवटी एक ओळ होती: रोह्सचं डिक्लरेशन आणि टेक्निकल फाइल तयार ठेवा.

मी डोळ्यांनी ‘डिक्लरेशन’ वाचलं आणि डोक्यात ‘सर्टिफिकेट’ उमटलं. सगळी गोची इथंच झाली. कागद म्हणजे कुणीतरी दिलेला, वर गोल शिक्का असलेला, हे आपल्या हाडात भिनलंय. आपणच आपल्या लेटरहेडवर लिहून खाली सही करायची आणि कायद्याला तेच हवं असतं, हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

ओळखीतल्या एकांनी सल्लागाराचा नंबर दिला. माणूस बोलायला गोड. ‘ताई, तुम्ही दिवे बनवा, युरोप माझ्यावर सोडा.’ कोटेशन आलं: रोह्स आणि सीई मिळून ८५ हजार, शिवाय ‘वी’ची युरोप नोंदणी ५० हजार. (सीई ही माल युरोपचे नियम पाळतो असं सांगणारी खूण. ‘वी’ हे डब्ल्यू आणि त्यापुढं तीन ई, म्हणजे विजेच्या भंगाराचा कायदा. बोलताना सगळे ‘वी’च म्हणतात.) जीएसटी वेगळा, निम्मे पैसे ॲडव्हान्स. तपासणीसाठी त्यानं अख्खा दिवा मागितलाच नाही. ‘एखादा प्लॅस्टिकचा पार्ट द्या, पुरे.’ चुंबकाच्या तळावर बसते ती काळी टोपी मी पाकिटात घालून दिली. पार्ट लिस्ट मागितली नाही, वायर कुठून घेता विचारलं नाही, सोल्डरिंगच्या टेबलाकडं तर ढुंकूनही बघितलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, कटकट कमी.

बारा दिवसांत दोन सर्टिफिकेटं हजर. जाड कागद, सोनेरी किनार, होलोग्राम, क्यूआर कोड. सीईच्या खुणेखाली चार आकडी नंबर. ह्यांनी लगेच फ्रेम करून ऑफिसात लावली. क्यूआर स्कॅन केला की एका वेबसाइटवर आमचं नाव हिरव्या टिकमार्कसह दिसायचं. ती वेबसाइटही त्याचीच होती, हे नंतर कळलं.

जानेवारी २०२३ मध्ये माल न्हावाशेवाहून निघाला. मी मोठ्या ऐटीत दोन्ही सर्टिफिकेटं मेलला जोडली.

माल पोचल्यावर आयातदाराचं उत्तर आलं. सभ्य, पण वाचताना कानशिलं तापली. तुमच्या कागदावर २००२/९५ हा कायदा लिहिलाय, तो जानेवारी २०१३ मध्ये रद्द झाला. आता २०११/६५ आहे आणि तुमच्या यादीत सहाच पदार्थ आहेत, असायला हवेत दहा. सीईखाली चार आकडे कशाला? रोह्ससाठी बाहेरच्या संस्थेची मंजुरी लागतच नाही. तो नंबर युरोपियन आयोगाच्या यादीत शोधला, तर लिफ्ट तपासणाऱ्या संस्थेचा निघाला. आणि शेवटचा प्रश्न: फाइल कुठं आहे?

‘वी’बद्दल त्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. अशी अख्ख्या युरोपची एक नोंदणी नसते, देशागणिक वेगळी असते. जर्मनीतला नंबर ‘डीई’ आणि पुढं आठ आकडे असा असतो, स्टिफ्टुंग ईएआर या तिथल्या नोंदणी संस्थेच्या यादीत कुणालाही बघता येतो, आणि तो त्या आयातदाराकडं होताच. म्हणजे परदेशातला माल जो त्या देशात पहिल्यांदा बाजारात आणतो तोच तिथल्या कायद्यानं उत्पादक, आणि नोंदणी त्याची. आम्ही इथून थेट तिथल्या गिऱ्हाइकाला विकलं असतं, तर तिथं अधिकृत प्रतिनिधी नेमून नोंदणी करावी लागली असती. आयातदाराला विकताना मला ती गरजच नव्हती. ५० हजार मी नसलेल्या गोष्टीसाठी मोजले, आणि असती तरी ती माझी नव्हती.

मग त्यानं एक दिवा तिथल्या लॅबला पाठवला. तीन आठवडे मी रोज सकाळी मेल उघडताना देवाचं नाव घेत होते.

रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी लाल. केबल डोक्यात शिरते तिथल्या मऊ स्लीव्हमध्ये डीईएचपी नावाचं रसायन १४ टक्के. केबल बोर्डला जोडतो त्या टाक्यांमध्ये शिसं ३८ टक्के. दोन्हींची मर्यादा ०.१ टक्का.

स्लीव्हचं आधी सांगते, कारण इथं फसवणूक त्याची असली तरी अज्ञान माझं होतं. खरेदी माझी. आमच्या ऑर्डरवर मीच दर वेळी लिहायचे ‘सॉफ्ट ग्रेड’. पुरवठादाराला फोन केला, तर तो हसला. ‘ताई, पीव्हीसी मऊ कशानं होतं? डीओपी घातल्यावरच.’ डीओपी हा शब्द मी वीस वर्षं ऐकतेय, बिलावरसुद्धा असतो. आपल्या बाजारात ज्याला डीओपी म्हणतात तेच युरोपच्या कागदावरचं डीईएचपी, हे मला त्या दिवशी कळलं. हे आणि याच जातीचे आणखी तीन, असे चार थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) २०१५ मध्ये यादीत घातले आणि बहुतेक मालाला २२ जुलै २०१९ पासून लागू केले. सल्लागाराच्या कागदावर हे चार नव्हतेच. विचारलं तेव्हा म्हणाला होता, ‘आपल्या ई-वेस्टच्या नियमातपण सहाच आहेत.’ ते खरंय. आपल्या नियमात शिसं, पारा, कॅडमियम, सहा-संयुजी क्रोमियम आणि ब्रोमीनवाली दोन अग्निरोधकं एवढीच आहेत. पण माल तर जर्मनीला चालला होता.

आता सोल्डर. बोर्ड आम्ही बाहेरून बिनशिशाचा, भरून घेतो. पण केबलचे शेवटचे दोन टाके आमच्याच टेबलावर पडतात. दोन बायका हे काम करतात, हात इतके सफाईदार की बघत राहावं. त्यांच्यासमोर रीळ होतं जुन्या ६०/४० चं, म्हणजे ६० भाग कथील, ४० भाग शिसं. ते सोल्डर १८३ अंशांपासून पाघळायला लागतं, बिनशिशाच्या सोल्डरला २१७ च्या पुढं जावं लागतं. साहजिकच जुनं हाताला सोपं. शिवाय शिशाचा टाका चकचकीत दिसतो आणि बिनशिशाचा जरा मळकट. आम्ही चकाकीलाच ‘छान काम’ म्हणायचो! त्यातल्या एकीनं मला नंतर विचारलं, ‘वहिनी, पण बोर्ड तर चांगला होता ना?’ बोर्ड चांगला होता. युरोपात अख्ख्या दिव्याचं वजन धरून टक्का काढत नाहीत. जो जिन्नस आणखी सुटा करता येत नाही, त्या एकेकाचा टक्का बघतात. तांबं वेगळं, त्यावरचा कथिलाचा मुलामा वेगळा, वरचं प्लॅस्टिक वेगळं, आणि तो मटाराएवढा टाकाही वेगळा. केबलनं मोठमोठ्यांना आडवं घेतलंय. २००१ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये सोनीच्या तेरा लाख प्लेस्टेशनचा माल अडकला होता, केबलमधल्या कॅडमियमपायी.

सल्लागाराला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, ‘जर्मन लोक जरा जास्तच करतात.’ दुसऱ्यांदा, ‘सर्टिफिकेटच्या मागची बाजू वाचा.’ फ्रेम उघडली. मागं फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘अर्जदाराने दिलेल्या नमुन्यापुरते व दिलेल्या माहितीवर आधारित.’ नमुना कुठला, तर ती काळी टोपी. टोपी स्वच्छच होती. पोलीस ठाण्यात गेलो, तिथं त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, तुम्हाला सर्टिफिकेट हवं होतं, त्यानं दिलं, हे दिवाणी प्रकरण आहे. वकिलाची नोटीस पाठवली ती परत आली. पत्ता एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्याचा.

४०० दिवे आयातदाराच्या गोदामात पडून राहिले. तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये स्लीव्ह कापून नव्या घातल्या, टाके उतरवून परत मारले, तिथल्या मजुरीनं. सल्लागाराचे धरून पावणेचार लाखांना आलो. आयातदार टिकला, हे त्याचं मोठेपण.

यानंतर फाइल आम्हीच केली, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यात अवघड काही नव्हतं. वेळ फार गेला. दिव्याचे सगळे सुटे भाग एका तक्त्यात लिहिले, ४३ ओळी भरल्या. प्रत्येक पुरवठादाराकडून दहाही पदार्थांबद्दल लेखी घेतलं. ज्यानं टाळाटाळ केली त्याचा माल बंद. जिथं धोका जास्त, म्हणजे मऊ पीव्हीसी, रंग, सोल्डर, तेवढ्याचीच चाचणी केली. पितळी स्क्रूत शिसं निघालं तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला, पण तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला सवलत आहे. अशा सवलतींना मुदत असते, म्हणून दर वर्षी तपासायच्या. फाइलची पद्धत ईएन आयईसी ६३००० या मानकात आहे. डिक्लरेशन आमच्या लेटरहेडवर, खाली ह्यांची सही. शेवटचा दिवा विकल्यापासून दहा वर्षं हे जपून ठेवायचं.

लॅब शोधतानाही एकजण भेटलाच. ‘गन मारून दहा मिनिटांत रिपोर्ट देतो.’ एक्स-रेची ती गन शिसं-कॅडमियम दाखवते, पण थॅलेट तिला दिसतच नाहीत, आणि क्रोमियम कुठल्या जातीचं तेही कळत नाही. आमची स्लीव्ह तिथून हसत पास झाली असती. एनएबीएलवाली (लॅबना मान्यता देणारी आपल्याकडची संस्था) लॅब असेल तर रिपोर्टवर यूएलआर हा त्या रिपोर्टचा वेगळा नंबर असतो, तो बघा, आणि तिच्या मान्यतेच्या यादीत नेमकी हीच चाचणी आहे का तेही वाचा. नुसता लोगो बघून पैसे देऊ नका, मान्यता पाणी तपासायचीही असू शकते.

त्या मेसेजनंतर दोन दिवसांनी अंबडला एका ओळखीच्यांकडं चेकचं काम होतं. ते पॅनेलचे इंडिकेटर करतात, पोलंडला जातात. त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर फ्रेम: सोनेरी किनार, होलोग्राम, सीईखाली तेच चार आकडे. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधेच चहा मागवला. मग म्हणाले, ‘खरंय वहिनी, पण आमचं गिऱ्हाईक कधी काही विचारत नाही.’ आणि फोनवरचा रिन्यूअलचा मेसेज मला दाखवून म्हणाले, ‘तुम्हाला १५ टक्के दिले का? मला तर दहाच.’