क्लाउड गेमिंगचा अनुभव : सगळं अडतं ते जिन्यातल्या डब्यापाशी

पीएस५ (प्लेस्टेशन ५) या गेम कन्सोलसाठी सोनीनं सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश. नागपुरात मे महिन्यात रात्री दहा वाजताही खोली त्याच्या वरच असते. पन्नास हजारांपुढे मोजून कन्सोल आणायचा आणि वर त्याच्यासाठी एसी लावायचा, हे गणित काही जमेना. म्हणून हिवाळ्यात एका मोठ्या कंपनीचं क्लाउड गेमिंगचं, म्हणजे स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन घेतलं : गेम चालतो कंपनीच्या सर्व्हरवर, घरी नेटवरून नुसतं चित्र येतं. टीव्हीत ॲप, हातात जुनाच कंट्रोलर. पंख्याची घरघर नाही, शंभर जीबीचं डाउनलोड नाही.

लॅगचं, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतच्या उशिराचं विचाराल तर आधी अंतर बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईकडे धरला तर हवाई अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद. केबल वळसे घेत जाते, म्हणून दुप्पट धरा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे अंतरापायी फार तर एक फ्रेम जाते. खरा वेळ खातात ते वायफाय, टीव्ही आणि व्हिडिओची बांधाबांध-सोडवासोडव (तिकडे आकुंचन, इकडे उलगडणं). टीव्हीला उशीर कमी करणारा गेम मोड लावला, राउटरपासून लॅन केबल ओढली आणि निम्मी तक्रार मिटली. रेसिंग, गोष्टीचे गेम मजेत चालतात. फायटिंग गेममध्ये ऐन वेळी ब्लॉक करायला जाल तर मार खाल.

मला सगळ्यात आवडलं होतं ते वेगळंच. कन्सोल २०० वॅटच्या आसपास ओढतो. इथे इन्व्हर्टरवर फक्त टीव्ही आणि राउटर. लाइट गेली तरी खेळ चालू, असं मी घरात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

लाइट गेली आणि खेळही गेला. टीव्ही चालू, राउटरचे दिवे चालू, नेट गायब. माझं कनेक्शन लोकल केबलवाल्याचं. त्याचं फायबर बिल्डिंगपर्यंत येतं, जिन्यात पत्र्याच्या डब्यातल्या स्विचमध्ये शिरतं आणि तिथून लॅनची वायर घरोघर. त्या स्विचला जिन्यातल्या दिव्याच्या लाइनवरून वीज. बॅकअप शून्य. फोन केला तर म्हणतो, "भाऊ, लाइट आली की नेट येतेच न!" एवढ्याशा डब्याला छोटी बॅटरी लावायला कितीसे पैसे लागतात? पण सोसायटी म्हणते डबा केबलवाल्याचा, केबलवाला म्हणतो लाइट सोसायटीची. कोट्यवधींचे सर्व्हर, समुद्राखालच्या केबली, सगळं ठणठणीत, आणि माझी गाडी थांबते ती दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीपाशी. उन्हाळाभर मी त्या डब्याकडे बघत जिना चढलो. कन्सोल बंद पडला तर निदान दोष आपल्याच घरात सापडतो.

नंतरची भर : पाऊस सुरू झाल्यावर कनेक्शन बदललं. आता फायबर थेट घरात येतं. मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, तो प्रकाश नुसता वाटून देतो. परवा अख्खी गल्ली अंधारात होती आणि मी शर्यत पूर्ण केली. म्हणून वरचा राग निम्मा कमी करून वाचा. डब्याचा मात्र अजून येतो, शेजारी त्याच्यावरच आहेत.

डेटाची काळजी घरच्या नेटवर नको. २० एमबीपीएसनं तासाला ९ जीबी जातात. रोज दोन तास खेळलात तर महिन्याला ५४० जीबी. प्लॅनच्या महिन्याच्या ३३०० जीबीच्या मर्यादेत आरामात बसतं. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर मात्र पाव तासही निघत नाही.

तरी स्ट्रीमिंग कन्सोलला घरातून घालवेल असं मला वाटत नाही, आणि आता त्याचं कारण लॅग नाही. कारण पैसे. ४,९९९ ची डिस्क खेळून झाली की बर्डीवर, म्हणजे इथल्या सीताबर्डी बाजारात, विकता येते. इथे भाडं थांबलं की हातात काही उरत नाही. शिवाय भाडं त्यांच्या मर्जीवर : मायक्रोसॉफ्टचं महिन्याचं सबस्क्रिप्शन एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत १९.९९ डॉलरवरून २९.९९ वर गेलं, एका फटक्यात दीडपट. गूगलची अशीच स्ट्रीमिंग सेवा, स्टेडिया, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, १८ जानेवारी २०२३ ला बंद. भारतात तर ती आलीच नाही. गूगलनं गेमचे पैसे परत केले, कंट्रोलर दुसरीकडे वापरता यावा म्हणून त्याला ब्लूटूथही सुरू करून दिलं, हे चांगलंच केलं. पण दुकान बंद करताना पैसे परत देणारे किती असतात?

कन्सोलवालेही साळसूद नाहीत म्हणा. डिस्कचा ड्राइव्ह काढून स्वस्त 'डिजिटल' मॉडेल विकतात; ते घेतलं तर विकायला डिस्कच नाही, मग स्ट्रीमिंगवाल्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सबस्क्रिप्शन सध्या बंद केलंय. मुलांच्या सुट्ट्यांपुरतं महिना-महिना घेईन, ऑटो-पे न लावता. दिवाळीच्या सेलमध्ये कन्सोल बघणार आहे, डिस्कवालाच. डिजिटल पाच-दहा हजारांनी स्वस्त पडतो, हे कृपया कोणी सुचवू नका.