रोमन घराची लाल भिंत: हिंगूळ की गेरू?

दोन्ही लालच, पण रोमन पाहुण्याला फरक लगेच कळे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज. ते स्पेनमधल्या सिसापोच्या खाणीतून सीलबंद रोमला येई. रोमन लेखक प्लिनी सांगतो, कायद्याने त्याचा कमाल भाव ठरला होता: पौंडाला ७० सेस्टर्स (रोमन नाणी). असे महागडे रंग चितारी नव्हे, घरमालक पुरवी. म्हणजे भिंतीवर थेट त्याचा पैसा दिसे. चितारी कुंचला वारंवार धूत आणि पाण्याच्या तळाशी बसलेला रंग लांबवत. भेसळ चुन्याची. ती पकडायला रंग लोखंडी पत्र्यावर तापवायचा. काळा पडून थंड झाल्यावर पुन्हा लाल झाला तर अस्सल. काळाच राहिला तर भेसळ.

मोठा दोष उन्हाचा. फाबेरियस नावाच्या लेखनिकाने रोमच्या आव्हेंटाइन टेकडीवरच्या घरात उघड्या चौकाच्या भिंती हिंगुळाने रंगवल्या. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस लिहितो, ३० दिवसांत त्या डागाळल्या आणि दुसरे रंग लावावे लागले. त्याचा उपाय असा: भिंत सुकल्यावर थोडे तेल घातलेले वितळलेले मेण लावायचे, निखाऱ्यांच्या भांड्याने शेकायचे, मग स्वच्छ तागाच्या कापडाने घासायचे.

गेरू म्हणजे लोहयुक्त माती. ओल्या चुन्यावर घट्ट बसते, उन्हाला दाद देत नाही, स्वस्तही. उघड्या चौकासाठी तोच शहाणपणाचा. हिंगूळ सावलीतल्या भोजनकक्षासाठी. मात्र पॉम्पेई या रोमन शहरातला प्रत्येक लाल मूळचा लाल समजू नये: इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उष्णतेने काही पिवळ्या गेरूच्या भिंती लाल झाल्या.