निकोटिन गम, १८००-११-२३५६ आणि चार वाजताचा चहा : आठ महिन्यांनंतर

गेल्या शनिवारी आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये उभा होतो. शेजारी पंचविशीतला एक मुलगा आला, इकडेतिकडे बघून हळू आवाजात सिगारेट सोडायचा गम मागितला. काउंटरवरच्याने स्ट्रिप टाकली, पैसे घेतले, लगेच पुढचं गिऱ्हाईक. कसा वापरायचा याबद्दल चकार शब्द नाही. मुलाने दारातच एक गम फोडून तोंडात टाकला, कचाकचा चावत समोरच्या टपरीवर गेला आणि कटिंग सांगितला. मला राहवलं नाही. मागे गेलो आणि दहा मिनिटं त्याच्याशी बोललो. त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझे अडीच आठवडे फुकट गेले.

माझ्याबद्दल थोडक्यात. वय ४३, नाशिकला अंबड एमआयडीसीत स्टोअरकीपर. एकोणीस वर्षं सिगारेट, दिवसाला दहा. घरात आईसमोर कधी ओढली नाही, त्यामुळे पहिली नेहमी सव्वाआठला, कंपनीच्या गेटबाहेर. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. का सोडली ते लिहीत नाही. कारण माझ्या मुलीशी निगडित आहे, ते घरातच राहू दे.

पहिला प्रयत्न मी माझ्या मनाने केला. दोन मिलिग्रॅम निकोटिनचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, तो आणला. साधा चुइंगम चावतात तसा चावला. पाच मिनिटांत उचक्या, घशात जळजळ, पोटात मळमळ, आणि तलफ होती तिथेच. अठराव्या दिवशी मी परत टपरीवर होतो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की हा गम म्हणजे पैशाची नासाडी आहे. तेव्हाचं माझं ते मत मी आज मागे घेतोय.

क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनचा, नंबर मला कसा मिळाला तेही सांगतो. एकोणीस वर्षांत मी अख्खं पाकीट क्वचितच विकत घेतलं असेल, कायम एकेक सुटी सिगारेट. महाराष्ट्रात सुटी सिगारेट-बिडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी मला ती रोज मिळत होती. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला तो इशारा, ते चित्र आणि त्याखालचा फोन नंबर, यातलं काहीच सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पडत नाही. मग एके दिवशी मेन्टेनन्सचे फिटर मामा स्टोअरच्या खिडकीशी आले. कंप्रेसरच्या मोटरचं बेअरिंग हवं होतं. नंबर विसरू नये म्हणून त्यांनी तो लिहून आणला होता, पाकीट फाडून त्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर : ६२०५, दोन नग. मी बेअरिंगं दिली, बिन कार्डावर (कोणता माल किती शिल्लक ते लिहायचं कार्ड) नोंद केली आणि तो तुकडा टाकायला गेलो तेव्हा उलट बाजू दिसली. आजच सोडा, फोन करा, १८००-११-२३५६. तो तुकडा मी टाकला नाही. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत लाइन. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये नंबर पाकिटांवर आला आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रं जोडली गेली. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. मी रविवारी गच्चीवर जाऊन फोन लावला. मनात धाकधूक होती की हिंदीत उपदेश ऐकावा लागेल. पलीकडून मराठीत एक मॅडम बोलल्या आणि पहिला प्रश्न होता, ‘‘सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती वेळाने ओढता?’’ मी म्हणालो, दोन तासांनी तरी. यावरून त्यांना कळलं की मला दोन मिलिग्रॅम पुरेसा आहे. उठल्याउठल्या अर्ध्या तासात ज्याला लागते, त्याला चार मिलिग्रॅमचा लागण्याची शक्यता जास्त, आणि तो डॉक्टरांना विचारून घ्यायचा.

मी म्हटलं, गम वापरून झालाय, काही उपयोग नाही. त्या म्हणाल्या, ‘‘कसा चावलात ते मला सांगा बरं.’’ एकोणीस वर्षांत मला कोणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता.

तर पद्धत अशी. गम तोंडात टाकायचा, आठ-दहा वेळा सावकाश चावायचा. जिभेला झिणझिण्या आल्या किंवा तिखटसर लागलं की थांबायचं. मग तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिण्या गेल्या की परत थोडं चावायचं आणि जागा बदलून ठेवायचा. असा अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. भराभरा चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं आणि मग उचक्या, मळमळ, जळजळ. माझं नेमकं हेच झालं होतं. आणि दुसरी गोष्ट : गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. कॉफी, सरबत, थंड पेय असं काही प्यायलं की तोंडात आंबटपणा येतो आणि निकोटिन नीट शोषलंच जात नाही.

या पंधरा मिनिटांवर मला सगळ्यात जास्त लिहायचंय. गमच्या पाकिटातल्या कागदावर ते बारीक अक्षरात एका ओळीत उरकलेलं असतं. ते पाकिटावर ठळक असायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्याकडच्या माणसाची सगळ्यात अवघड वेळ त्याच पंधरा मिनिटांत येते. माझी तरी आली. सकाळी दहाचा चहा, दुपारी चारचा चहा, आणि चहाचा शेवटचा घोट संपता संपता हात आपोआप खिशाकडे. दिवसातली सगळ्यात कडक तलफ तीच. आणि नेमकी तीच वेळ गम न घेण्याची! आत्ताच चहा प्यायलाय, अजून पंधरा मिनिटं थांबा. थांबायचं कसं? समोर टपरीच्या खांबाला दोरीने लायटर लटकतोय, चार ओळखीचे हात पुढे आहेत, कोणीतरी ‘‘घे रे अर्धी’’ म्हणतंय.

मी घड्याळ लावून सगळे प्रकार करून पाहिले. तीन वीसला गम घेऊन चारपर्यंत संपवला. त्याने चहाच्या आधीचा वेळ निभावला, पण चहा संपल्यावर तलफ आलीच. चहाच सोडून पाहिला, तर दोन दिवसांत डोकं असं धरलं की रजिस्टरमधले आकडे दिसेनात. पुढच्या फोनला मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘त्या पंधरा मिनिटांत तुमच्याबरोबर कोणीतरी माणूस पाहिजे. आहे का असं कोणी?’’

इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. तोवर मला वाटत होतं की हा माझा एकट्याचा मामला आहे, लोकांना कशाला सांगायचं, नाही जमलं तर नाचक्की. म्हणून फक्त बायकोला सांगितलं होतं. ती बिचारी जीव तोडून मदत करत होती, म्हणजे रोज संध्याकाळी दारात शर्टाचा वास घेऊन विचारत होती, ‘‘आज ओढली का?’’ ज्या दिवशी ओढलेली नसे त्या दिवशी हा प्रश्न जास्त लागायचा. आमची त्यावरून दोनदा चांगलीच जुंपली. मॅडमनी सांगितलं की घरच्यांना नुसतं ‘मला मदत करा’ म्हणू नका, एखादं नेमकं काम द्या. माझी दिवसातली शेवटची सिगारेट जेवणानंतर ‘चक्कर मारून येतो’ या नावाखाली व्हायची. मी हिला म्हटलं, विचारणं बंद कर, फक्त जेवल्यावर माझ्याबरोबर चक्कर मारायला ये. तेव्हापासून ती येते. पहिले काही दिवस आम्ही मुकाट्याने चालायचो. आता त्या अर्ध्या तासात घरातले निम्मे प्रश्न सुटतात.

कंपनीत मी फिटर मामांना सांगितलं. मामा स्वतः तंबाखू मळणारे, पुढच्या वर्षी रिटायर होतील. त्यांनी काही समजावलं नाही. त्या दिवशी चारचा चहा झाला, त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, ‘‘चल, तुझ्या स्टोअरात बेअरिंगं मोजू.’’ मला वाटलं एक दिवसाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी परत तेच. एका रॅकवरचे खोके खाली घ्यायचे, ६२०३, ६२०४, ६२०५ असे मोजायचे, बिन कार्डाशी ताडायचे, परत वर ठेवायचे. हाताला ग्रीसचा कागद, नाकात तेलाचा वास. चार वीस झाले की मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, ‘‘टाक आता गोळी.’’ मी गम तोंडात टाकायचो आणि ते निघून जायचे. दोन महिने एकही दिवस चुकला नाही. त्यांची सेकंड शिफ्ट असली की चारला गेटातून आत आल्या आल्या तडक स्टोअरात यायचे. त्या तिमाहीत आमचा प्रत्यक्ष माल आणि रजिस्टर पहिल्यांदा तंतोतंत जुळलं.

चौथ्या महिन्यात मी घसरलो. सिन्नरजवळ आमच्या गावी काका वारले. स्मशानभूमीबाहेर सगळे भाऊ उभे, एकाने पाकीट फिरवलं आणि मी घेतली. एक पूर्ण, दुसरी अर्धी. रात्रभर झोप नाही. आता पुन्हा पहिल्यापासून, इतके दिवस पाण्यात गेले असंच वाटत होतं. सकाळी आठला फोन लावला. मॅडमनी विचारलं, ‘‘किती झाल्या?’’ मी म्हटलं, दीड. त्यांचा पुढचा प्रश्न : ‘‘उरलेली अर्धी का टाकलीत?’’ मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग आठवलं, तोंड कडू झालं होतं आणि घरी गेल्यावर जेवणानंतर हिच्याबरोबर चालायचंय हे डोक्यात आलं होतं. त्या म्हणाल्या, हे लिहून ठेवा. ते मी एका कोऱ्या बिन कार्डावर लिहून ठेवलंय. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही.

आता हिशेब, कारण मला विचारणाऱ्यांतले निम्मे हेच विचारतात. सिगारेट मला अठरा रुपयांना पडायची, दिवसाला दहा, म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये. गम एक साधारण दहा रुपयांना पडला. पहिले सहा आठवडे दिवसाला नऊ, मग तीन आठवडे पाच, मग तीन आठवडे तीन. वहीत मांडून ठेवलंय, बारा आठवड्यांत ५४६ गम, ५,४६० रुपये. तीन महिन्यांचा गम एका महिन्याच्या सिगारेटींइतक्या पैशांत झाला. ज्यांना गम महाग वाटतो त्यांनी आपापल्या आकड्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. फोनला तर काहीच लागलं नाही.

त्रास काय झाले तेही सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात जबडा दुखला. तोंडात दोन फोड आले. वजन चार किलो वाढलं, त्यातलं दीड उतरलंय. झोपेचं गणित मात्र बरेच दिवस कळत नव्हतं. चहा पूर्वीइतकाच, तरी रात्री दोनपर्यंत टक्क जागा. कारण मॅडमकडूनच समजलं : सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भरभर करतं, धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. गमने यात फरक पडत नाही, कारण हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. म्हणजे तेवढाच चहा आता जास्त चढत होता. मी दिवसाचे पाच चहा दोनवर आणले आणि चौथ्या रात्री झोप लागली. तुम्ही सोडणार असाल तर पहिल्या दिवसापासूनच चहा निम्मा करा, माझ्यासारखा महिना घालवू नका.

गम आता लागत नाही. एक शर्टाच्या खिशात असतो, धुवायला टाकताना ही आठवणीने काढून ठेवते.

सोमवारी मामा खिडकीशी आले, या वेळी बेअरिंगसाठी नाही. ‘‘तंबाखूला चालतो का रे तो तुझा नंबर?’’ म्हणाले. चालतो. मंगळवारी स्टोअरमधूनच फोन लावून दिला. पण मामांना खालची कवळी आहे आणि गम कवळीला चिकटतो, त्यामुळे त्यांना गम नको म्हणून सांगितलंय, कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच चालेल का ते डॉक्टर बघतील. येत्या बुधवारी मी अर्धी रजा टाकून त्यांना सिव्हिलमधल्या तंबाखूमुक्ती केंद्रात घेऊन जातोय. तंबाखूची पिशवी त्यांनी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिलीय. चारच्या चहानंतर आम्ही कालपासून पुन्हा मोजायला लागलोय, या वेळी ऑइल सीलच्या रॅकपासून.