पत्ता व्हेनिसचा, मुक्काम मार्घेऱ्याला

व्हेनिसमधील मुक्कामाच्या बाबतीत आमची जी फसवणूक झाली, तिची हकिगत मी सविस्तर लिहीत आहे, कारण ती करण्याची पद्धत ठरलेली आहे आणि यंदा तिकडे जाणाऱ्या कोणत्याही कुटुंबावर ती वापरली जाऊ शकते. संबंधित अतिथिगृहाच्या व्यवस्थापनाशी आमचा वाद पूर्णपणे मिटलेला नसल्याने त्याचे नाव मी देत नाही. पण नावापेक्षा पद्धत समजणेच अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

ही पद्धत समजण्यासाठी आधी शहराची रचना लक्षात घ्यावी लागते. कालवे, पूल आणि जुने वाडे असलेले व्हेनिस खाजणातील बेटांवर वसलेले आहे, आणि मुख्य भूमीशी ते 1846 साली बांधलेल्या रेल्वेपुलाने व 1933 साली खुल्या झालेल्या रस्त्याच्या पुलाने जोडलेले आहे. पुलापलीकडे मुख्य भूमीवर मेस्त्रे आणि मार्घेरा ही उपनगरे आहेत. मेस्त्रे 1926 साली व्हेनिसच्या नगरपालिकेत विलीन झाले, आणि मार्घेरा हे तेथील बंदराभोवती वाढलेले औद्योगिक उपनगर आहे. नगरपालिका एकच असल्याने तिथल्या हॉटेलांच्या पत्त्यातही ‘व्हेनिस’ हे नाव येते, आणि ते कायद्याने चुकीचे नसते. मेस्त्रेमध्ये राहण्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. तिथून बेटांवरचे सांता लुचिया स्थानक रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे, दर कमी असतात आणि अनेक जण विचारपूर्वक तिथेच उतरतात. आक्षेप आहे तो कालव्याकाठच्या खोलीचे पैसे घेऊन कारखान्यांजवळची खोली देण्याला.

आमचे आरक्षण बेटांवरच्या जुन्या शहरातील कान्नारेज्जो भागातल्या एका लहान अतिथिगृहात होते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पूल कमी चढावे लागतील आणि स्थानक जवळ असेल अशी जागा आम्ही मुद्दाम शोधली होती. जाहिरातीतील छायाचित्रांत दुसऱ्या मजल्यावरची, कालव्याकडे खिडकी असलेली खोली होती. पत्ता खरा होता, घर क्रमांक खरा होता आणि प्रवाशांचे अभिप्रायही चांगले होते. शेंगेनच्या व्हिसासाठी मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचे आरक्षण दाखवावे लागत असल्यामुळे आपल्याकडचे प्रवासी खोल्या बरेच महिने आधी ठरवतात, आणि एकदा व्हिसा मिळाला की त्यात बदल करायला धजत नाहीत. रद्द केल्यास पैसे परत न मिळणारे आरक्षण थोडे स्वस्त पडते, म्हणून तेच घेतले जाते. अशा लोकांची रक्कम महिनोन्महिने आधी जमा होते आणि ते मागे फिरणार नाहीत हे फसवणाऱ्या मंडळींना पक्के ठाऊक असते.

मे महिन्यातील त्या दिवशी फ्लोरेन्सहून आलेली आमची गाडी संध्याकाळी उशिरा सांता लुचियाला पोहोचली. फलाटावर उतरल्याबरोबर फोनवर संदेश आला: दुपारी भरतीचे पाणी इमारतीत शिरले, तळमजल्यावरची विजेची जोडणी बंद करावी लागली, तरी आमचा माणूस दारात भेटेल आणि पर्यायी सोय करेल. सामान ओढत आम्ही तिथे गेलो. दारात एक तरुण उभा होता. अतिशय नम्र, हातात कागदांची फाइल. त्याच्यामागे जिन्यातला दिवा लखलखीत पेटलेला होता, उंबऱ्याजवळच्या दगडावर ओलीची खूणसुद्धा नव्हती आणि वरच्या एका खिडकीत कोणीतरी टॉवेल वाळत घालत होते. आम्ही हे त्याला दाखवले, तेव्हा ‘तो भाग वेगळ्या जोडणीवर आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

हे कारण निवडण्यामागची चलाखी ओळखून घ्यावी. व्हेनिस आणि भरतीचे पाणी यांचे नाते जगाला माहीत आहे. 12 नोव्हेंबर 2019 रोजी पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढले होते, त्याची दृश्ये आपणही बातम्यांत पाहिली होती. त्यामुळे परक्या प्रवाशाला हे कारण लगेच पटते. प्रत्यक्षात मोठ्या भरतीचा मुख्य काळ शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या अखेरपर्यंतचा असतो. शिवाय खाजणाच्या मुखांशी बसवलेले ‘मोझे’ हे हलते बांध ऑक्टोबर 2020 पासून वापरात आहेत, आणि साधारण 110 सेंटिमीटर वा त्याहून उंच भरतीचा अंदाज असला की ते वर उचलले जातात. भरतीचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजलेली पातळी नगरपालिकेचे भरती केंद्र रोज जाहीर करते, आणि कोणालाही ती फोनवर पाहता येते. आम्ही ती रात्री उशिरा पाहिली. त्या दुपारी कान्नारेज्जोच्या गल्लीत पाणी येण्याइतकी भरती आलेलीच नव्हती.

पण तोपर्यंत आम्ही मार्घेऱ्यात पोहोचलो होतो. रात्र पडत होती, सासूबाई एका पायरीवर बसून राहिल्या होत्या, आणि शहरात त्या घटकेला मिळणाऱ्या खोल्यांचे दर आवाक्याबाहेर होते. अतिथिगृहाच्या दारातच त्या तरुणाने इटालियन भाषेतला एक कागद पुढे केला आणि त्यावर सही केल्याशिवाय पर्यायी खोलीची किल्ली मिळणार नाही असे सांगितले. नंतर भाषांतर करून घेतले, तेव्हा कळले की पाहुण्यांनी जागेतील बदल स्वेच्छेने मान्य केला आहे असे त्यात लिहिले होते. पुढचे सगळे प्रकरण या एका कागदावर अडले. पर्यटन करही त्याने तिथेच रोख घेतला, तोही जुन्या शहराच्या दराने, आणि पावती दिली नाही. हा कर दर माणशी, दर रात्री आकारला जातो आणि मुख्य भूमीवर त्याचा दर कमी असतो.

पियाझाले रोमा या जुन्या शहरातील बसस्थानकाहून बसने आम्ही निघालो, तेव्हा आमच्यासोबत एक स्पॅनिश जोडपे होते. त्यांचेही आरक्षण त्याच खोलीचे, त्याच रात्रीचे होते. मार्घेऱ्याला एका रहदारीच्या रस्त्यालगतच्या इमारतीत, खोक्यात ठेवलेल्या पाकिटांतून किल्ल्या मिळाल्या. आमच्या पाकिटावर आमचे आडनाव, खोली क्रमांक आणि तारीख छापलेली होती. हाताने घाईघाईत लिहिलेली नव्हती, छापलेली होती. आणि खोक्यात पुढच्या दिवसांच्या तारखांची, वेगवेगळ्या आडनावांची पाकिटे ओळीने लावलेली होती. पाणी ‘दुपारी’ शिरले असेल, तर परवा येणाऱ्या पाहुण्याचे पाकीट कोणी आणि कधी छापले? एकच खरी खोली दाखवून ती अनेकांना विकायची आणि सगळ्यांना पुलापलीकडे पाठवायचे, असा हा सरळ धंदा आहे.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापकाचे उत्तर आले की मार्घेरा व्हेनिसमध्येच आहे आणि म्हणूनच तुम्हाला शहराचे प्रवेशशुल्कही भरावे लागत नाही. 2024 च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून हे शुल्क घेतले जाते, आणि नगरपालिकेच्या हद्दीत रात्री मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट आहे, हे खरेच आहे. अर्ध्या सत्याचा असा वापर पाहून मला फार संताप आला. आरक्षण करून देणाऱ्या कंपनीने सहीचा कागद पुढे करून हात वर केले. क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे मात्र आम्ही वर्णनाप्रमाणे सेवा न मिळाल्याचा दावा लावला. संदेशांच्या वेळा, पाकिटांचे छायाचित्र आणि भरती केंद्राची त्या दिवसाची नोंद जोडली. त्यातून काही रक्कम परत आली आहे, उरलेल्या रकमेसाठी पत्रव्यवहार चालू आहे.

जाणाऱ्यांनी पिनकोड अवश्य पाहावा. सहा जुन्या भागांपैकी कान्नारेज्जोचा 30121, कास्तेल्लोचा 30122, दोर्सोदुरोचा 30123, सान मार्कोचा 30124, सान पोलोचा 30125 आणि सांता क्रोचेचा 30135 आहे. 30170 ते 30175 यांपैकी क्रमांक दिसला की जागा मुख्य भूमीवर आहे. आमच्या बाबतीत पिनकोड बरोबर होता, म्हणून एवढ्यावर थांबू नये. अभिप्राय वाचताना सर्वांत कमी गुणांचे आणि सर्वांत नवे आधी वाचावेत, आणि त्यांत ‘मेस्त्रे’, ‘मार्घेरा’ किंवा दुसऱ्या जागी पाठवल्याचा उल्लेख शोधावा. आमच्या अतिथिगृहाचे चांगले अभिप्राय जुने होते, आणि अलीकडचे तक्रारीचे अभिप्राय परकीय भाषांत असल्यामुळे पानाच्या तळाशी गेलेले होते. जानेवारी 2025 पासून प्रत्येक मुक्कामाच्या जागेचा राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत आणि इमारतीबाहेर लावणे बंधनकारक आहे. तो प्रवासाआधीच संदेशातून मागावा, आणि नेमकी हीच खोली मिळेल असे लेखी घ्यावे. जागा बदलण्याची भाषा कोणी केलीच, तर दारातच उभे राहून आरक्षण कंपनीला फोन लावावा, दाराचे व जिन्याचे छायाचित्र घ्यावे, आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करावीच लागली तर सहीच्या वर ‘नाइलाजाने, आक्षेप नोंदवून’ असे इंग्रजीत लिहावे. पर्यटन कराची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ती खोली आजही विक्रीला आहे. अतिथिगृहाचे नाव बदलले आहे, अभिप्राय कोरे आहेत, पण छायाचित्रे तीच आहेत: हिरव्या झडपांची खिडकी, खाली बांधलेली निळे कापड झाकलेली होडी आणि पलंगामागे लाल नक्षीचा कागद. ही तीन चिन्हे एकत्र दिसली, तर कृपया तिथे पैसे भरू नका.