दुखणे लिंक रॉडचे, बिल स्टिअरिंग रॅकचे

नाशिकमध्ये ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांची जुनी गाडी आहे आणि खड्ड्यातून जाताना जिच्या पुढच्या चाकांकडून खटखट ऐकू येते, त्यांनी गॅरेजात पाऊल टाकण्यापूर्वी हे वाचावे. या आवाजापायी माझ्याकडून २९,५०० रुपये उकळण्यात आले. प्रत्यक्ष दुरुस्ती पुढे १,६०० रुपयांत झाली. एक काम सांगून गाडी दिली की चार कामे निघतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते. परंतु माझ्या गॅरेजवाल्याला खरे कारण पहिल्या अर्ध्या तासातच अचूक सापडले होते आणि ते दडवून त्याने बाकीचे सगळे मला विकले, हे मला जास्त झोंबते.

गाडी २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. संथ वेगात एकाच चाकाखाली लहानसा खड्डा आला की आवाज येई. गतिरोधकावरून दोन्ही चाके एकदम गेली की तो जवळजवळ येत नसे. जाणकाराला एवढ्यावरूनच स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांमध्ये बसवलेल्या आडव्या दांडीच्या) लिंक रॉडचा, म्हणजे त्या बारचे टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा, संशय यावा, कारण दोन्ही चाके सारखी वर-खाली झाली तर त्या बारला पीळ बसत नाही, एकच चाक उचलले गेले की बसतो आणि लिंकचा झिजलेला गोळा आपल्या वाटीत आपटतो. हे ज्ञान मला नंतर मिळाले. माझी उभी हयात हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली, चाकामागे डोकावण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरच्या मंडळींना घेऊन कसारा घाट उतरून ठाण्याला लग्नाला जायचे होते.

गॅरेजवाल्याने गाडी स्वतः फिरवून आणली, लिफ्टवर घेतली, पुन्हा एक फेरी मारली आणि हात पुसत म्हणाला, “काका, रॅक गेलाय, शॉकअप गळतायत, लोअर आर्मपण संपलेत. घाटात चाक दुमडलं तर मला बोल लावू नका.” रॅक म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणारा भाग, शॉकअप म्हणजे धक्के शोषणारे तेलाचे नळकांडे आणि लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोळ्याचा सांधा, निसटला तर चाक खरोखरच दुमडते, त्यामुळे अशी धमकी खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही.

मग त्याने बॅटरीच्या उजेडात शॉकअप दाखवला. त्यावरून तेलाचा ओघळ आला होता. ओघळ स्वच्छ, पातळ आणि चकचकीत होता; त्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी त्याच्याखालीही, वाळलेल्या चिखलाचे शिंतोडे जसेच्या तसे होते. मी बोट लावून पाहिले, तर खाद्यतेलासारखे नितळ तेल बोटाला लागले. महिनोन्महिने गळणाऱ्या शॉकअपवर धूळ बसून काळा, चिकट थर साचतो. चाळीस वर्षे खाडाखोड पकडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ही ताजी खाडाखोड होती आणि मी त्या तेलाकडे बघत “किती खर्च येईल?” असे विचारत होतो! तेल पाच मिनिटांपूर्वी फवारले असेल, असे कोणाच्या मनात येईल? तरीही हे तुमच्या बाबतीत घडले, तर तेल पुसायला लावा, गाडी दोन दिवस चालवा आणि मग पुन्हा पाहा.

हिशेब असा होता: शॉकअपची जोडी ६,८००, माउंटिंग (शॉकअपची वरची बैठक) व बेअरिंग २,४००, स्टिअरिंग रॅक ११,५००, लोअर आर्मची जोडी ४,६००, मजुरी ३,५००, अलाइनमेंट ७००. पैकी १५,००० मी यूपीआयने आगाऊ दिले. उरलेले १४,५०० त्याने रोखच मागितले. बिल म्हणून वहीचे एक पान मिळाले. जुने सुटे भाग मागितले, तर “भंगारवाला घेऊन गेला” असे उत्तर आले. संध्याकाळी सहा वाजता कोणता भंगारवाला येतो?

आवाज मात्र खरोखर बंद झाला होता. घाटातल्या वळणांवर गाडी पूर्वी कधी नव्हे इतकी कलू लागली, तेव्हा फोन केला. “नवीन शॉकअप आहेत, बसायला वेळ लागतो” असे सांगून त्याने तो ठेवला. परत आल्यावर काही दिवसांत खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा नवाच आवाज सुरू झाला, म्हणून सातपूरच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी वर घेतली आणि मलाच खाली बोलावले. दोन्ही लिंक रॉड गायब होते. स्टॅबिलायझर बारची टोके सेंट्रिंगच्या तारेने वर बांधलेली होती आणि डावीकडची तार तुटून लोंबत होती. रॅकच्या बोल्टांवर जुना गंज होता, पान्याची एक खूणही नव्हती. शॉकअप जुनेच होते. त्यांवर काळा रंग मारला होता, तोही चिखलाच्या शिंतोड्यांवरूनच. लिंक रॉड काढून गाडी फिरवणे आणि आवाज थांबला तर दोष तिथेच आहे असे समजणे, ही तपासणीची रास्त पद्धत आहे. त्या भामट्याने ती चोख वापरली, उत्तर मिळाल्यावर लिंक रॉड परत बसवलेच नाहीत आणि ती शांतता मला २९,५०० रुपयांना विकली. नवी जोडी १,३०० रुपयांना आली, मजुरी ३०० रुपये झाली.

पोलीस चौकीत गेलो, तर प्रश्न विचारला गेला, “गाडी तुम्हीच नेऊन दिली होती ना?” साहेब बंदोबस्तावर होते. लेखी अर्ज नेला, तर हद्द वेगळी निघाली. दुसरीकडे “हा दिवाणी मामला आहे” असे सांगून अर्जाची पोहोच देण्यासही नकार मिळाला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, असे म्हणताच “मग वकीलच करा” हा सल्ला मिळाला. आणखी एका सरकारी कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही असे सांगितले. कोणाच्या अखत्यारीत येते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली, तर समोरच्या पक्षाने उत्तर दिले नाही म्हणून ती निकाली काढल्याचा संदेश मोबाइलवर आला. ज्याने उत्तर द्यायचे टाळले, त्याच्याच सोयीने तक्रार बंद झाली! दोन तारांनी बांधलेली गाडी घेऊन पाच माणसे घाट उतरली, यात कोणालाही दखल घेण्याजोगे काही दिसले नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून पक्के बिल मागाच आणि रोख देऊ नका. गाडी सोडताना शॉकअपवर, रॅकवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवा व फोटो काढा. हलका ब्रेक दाबून खड्डा ओलांडल्यावर खटखट थांबली, तर आधी ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना तपासायला सांगा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरून कट्‌कन आवाज आला, तर माउंटिंगकडे बोट दाखवा. रॅक बदलायचा म्हणणाऱ्याला आधी खेळ, म्हणजे सैलपणा, कुठे आहे ते चाक हलवून दाखवायला लावा.

सातपूरच्या मेकॅनिकने मला पक्के बिल दिले, पण लिंक रॉड नव्हते हे लिहून द्यायला तो तयार नाही. धंद्यात वैर नको, असे त्याचे म्हणणे आहे. तारेचे तुकडे मी जपून ठेवले आहेत. गॅरेजवाल्याला स्पीड पोस्टाने पाठवलेली नोटीस “घेण्यास नकार” असा शेरा घेऊन परत आली आहे. तुमचेही पाकीट असे परत आले, तर ते फोडू नका; योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस समोरच्याने नाकारली तरी ती बजावली गेली असे कायदा मानतो, आणि माझ्या तक्रारीला ते बंद पाकीट तसेच जोडले जाणार आहे.