उतारावरची चिबड जमीन: खाचर ठेवावं, चर काढावा, की झाडांना द्यावी?

घाटमाथ्यावर किंवा कोकणच्या उतरंडीला ज्यांची जमीन आहे, त्यांच्यातल्या अनेकांकडे असा एक तुकडा असतोच. वरची वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन, कोरडी, खालचं शेत चांगलं, आणि मधला दहा-पंधरा गुंठ्यांचा पट्टा मात्र दिवाळीपर्यंत पाय धरून ठेवतो. हीच चिबड, म्हणजे पाण्याचा निचरा न होणारी जमीन. काजू लावला तर दुसऱ्या पावसाळ्यात पिवळा पडतो. नाचणी उगवते आणि कुजते. मग कुणी म्हणतं चर मारा, कुणी म्हणतं बांध घातलेलं भाताचं खाचरच बरं, कुणी बांबूची रोपं घेऊन येतं. तिन्ही सल्ले कुठे ना कुठे खरे ठरलेले असतात, म्हणूनच निवडताना गोंधळ होतो.

पहिली चूक होते ती "उतार आहे म्हणजे पाणी वाहूनच जाणार" असं धरून चालल्याने. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. काही थर भेगाळलेले, सच्छिद्र; काही घट्ट, एकसंध. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीसारखा पट्टा असतो, त्याला बोल म्हणतात. वरून मुरलेलं पाणी घट्ट थरावर किंवा बोलवर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराची पायरी जिथे संपते तिथे बाहेर येतं. यालाच आपण उपळ म्हणतो. वरून धुपून आलेली बारीक चिकणमातीही त्याच पायरीच्या पायथ्याशी साठते. म्हणजे पाणी खालून-मागून येतं आणि माती ते सोडत नाही. अशी जमीन उतारावर असूनही पाणथळच राहते.

म्हणून काहीही ठरवण्याआधी खड्डा घ्या. श्रावण-भाद्रपदात पावसाने दोन दिवस उघडीप दिली की दोन फूट खोल, हात फिरेल एवढा रुंद खड्डा खणा, पाणी उपसून टाका आणि शेजारी बसून राहा. पाणी डोंगराकडच्या भिंतीतून पाझरतंय, तळातून वर येतंय, की येतच नाही, नुसतं वरचं साचलेलं होतं? मातीचा रंगही बघा. सगळीकडे सारखी तांबूस-तपकिरी असेल तर मुळांना हवा मिळते. राखाडी-निळसर मातीत गंजासारख्या रेघा दिसल्या तर तो थर वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. हवा नसली की मातीतलं लोह विरघळतं, रंग सोडतं आणि जिथे मुळांच्या पोकळीतून थोडी हवा पोचते तिथे पुन्हा गंजून बसतं. पाण्यावर तेलासारखा तवंग असेल तर काडीने ढवळा. तुकडे होऊन फुटला तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा; तेल असतं तर पुन्हा जुळून आलं असतं. हा अर्ध्या दिवसाचा खड्डा पुढचे चुकीचे खर्च वाचवतो, असं मी मनापासून सांगतो.

चर काढायचा असेल तर

पाणी डोंगराकडच्या भिंतीतून येत असेल, तरच चर खरा उपयोगी. आणि तोही चिबड तुकड्यात नाही, त्याच्या वर. उपळ जिथे फुटते त्याच्या वरच्या अंगाला एकच आडवा चर, पाणी अडवणाऱ्या थरापर्यंत खोल, खाली दगडगोटे, वर खडी, मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. कापड नसेल तर चिकणमातीचे बारीक कण काही पावसाळ्यांत दगडांमधल्या फटी बुजवून टाकतात. तुकड्याच्या मधोमध कितीही चर काढले तरी चिकणमातीतून पाणी इतकं सावकाश सरकतं की चराच्या दोन्ही अंगांना थोडा पट्टा सुकतो आणि बाकी तसंच राहतं. सांगली-कोल्हापूरच्या सपाट काळ्या रानात सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात, ते तंत्र चांगलं आहे, पण तिथला प्रश्न वेगळा. तिथे कालव्याच्या आणि सिंचनाच्या पाण्याने भूजल वर आलेलं असतं. इथे पाणी डोंगरातून येतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. सलग समतल चर आणि उतरता चर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समतल चर पाणी थांबवून मुरवण्यासाठी असतो. माणदेशात, जिथे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे तो वरदान आहे. महाबळेश्वरला 5,500 मिलिमीटरच्या आसपास आणि आंबोलीला त्याहूनही जास्त पाऊस पडतो. अशा ठिकाणच्या चिकण उतारावर समतल चर खणणं म्हणजे आधीच भिजून जड झालेल्या डोंगराच्या पोटात आणखी पाणी भरणं. इथे चराला उतार हवाच: शंभर फुटांना साधारण अर्धा ते एक फूट. त्याहून जास्त दिला तर चर स्वतःच घळ बनतो. आणि शेवट पक्क्या खडकाळ ओहोळात हवा, शेजाऱ्याच्या बांधावर नव्हे. यावरून भावकीत झालेली भांडणं गावोगावी ऐकायला मिळतात.

नीट काढलेल्या चराने काय मिळतं? पावसाळ्यात नाचणी-वरई, पुढे भाजीपाला, गादीवाफ्यावर स्ट्रॉबेरीही. आंबा-काजूच्या मागे मात्र लगेच लागू नका. त्यांची मुळं खोल जातात आणि खालचा राखाडी थर तिथेच असतो. दरवर्षी मृगाच्या आधी चर साफ करणारं माणूस घरात आहे का, हाही प्रश्न विचारा. जमीन गावी आणि आपण मुंबईला, तर बुजलेला चर हा नसलेल्या चरापेक्षा वाईट, कारण त्यात पाणी एका जागी साचून उतारात घुसतं.

खाचर ठेवायचं असेल तर

खड्ड्यात डोंगराकडून पाझर नाही, नुसतं पावसाचं पाणी साचतंय, उतार मंद आहे आणि बांध जुने, दगडी आहेत, तर माझं मत स्पष्ट आहे: भात ठेवा. चिबड जमिनीचा जो दोष आपण मोजतो तोच भाताला हवा असतो. भाताच्या खोडातून मुळांपर्यंत हवा पोचवणाऱ्या पोकळ्या असतात, त्यामुळे त्याला बुडालेली जमीन चालते. शिवाय आम्लधर्मी लाल-पिवळी माती पाण्याखाली राहिली की तिची आम्लता उतरते आणि अडकलेला स्फुरद थोडा मोकळा होतो. वरकसात खत घालून जे साधत नाही ते इथे पाणीच करून देतं.

खटकणारी गोष्ट एकच, लोहाचा अतिरेक. उपळीचं पाणी थेट खाचरात येत असेल तर भाताची पानं टोकाकडून तांबूस होतात, रोप खुरटतं. त्यावर उपाय म्हणजे उपळीचं पाणी खाचराच्या कडेने वेगळ्या दांडाने खाली न्यायचं आणि मधून एकदा खाचर सुकवून घ्यायचं. चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतल्या युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे खताच्या दाबलेल्या गोळ्या, इथे विशेष कामाच्या, कारण चिखलात खोल खोचलेलं नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही. चिखलणी आणि लावणीला माणसं मिळत नसतील तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र बघा. त्यात एकदाच गादीवाफे करतात, चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवतात. अर्धवट चिबड तुकड्यावर मला हा मधला मार्ग सगळ्यात पटतो. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा येतो. चिकणमाती ओल सोडत नाही याचा हा फायदा.

पैशाचं म्हणाल तर दहा गुंठ्यांच्या भातातून घरचा तांदूळ सुटतो, उत्पन्न नाही. ते हवं असेल तर हा मार्ग नाही.

झाडांना द्यायची असेल तर

इथे सर्वात जास्त चूक होते ती बांबूची. बांबू सगळीकडे येतो असं सांगितलं जातं, पण साचलेल्या पाण्यात त्याचे कंद कुजतात. माणगा जातीच्या बांबूचं बेट निचऱ्याच्या कडेला उत्तम, चिबडात नाही. काजू, आंबा, मिरी, अ‍ॅव्होकाडो यांचंही तेच. मिरी आणि अ‍ॅव्होकाडोच्या मुळांना लागणारी बुरशी ओल्या मातीतच फोफावते. पाण्यात पाय ठेवून उभी राहणारी झाडं वेगळी: जांभूळ, ओढ्याकाठचा अर्जुन, करंज. उपळीच्या तोंडाशी अळू, वेखंड, केवडा. बांधाच्या कडेने वाळा, कारण त्याची मुळं खोल सरळ जातात आणि पाण्यात भिजूनही माती धरून ठेवतात.

दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे. चिखलातून वर येऊन पुन्हा आत जाणारी मुळं असलेली ती झाडं गावाने देवराई म्हणून राखली आणि 2021 मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ओल्या तुकड्याला नापीक म्हणण्याआधी ते जंगल आठवावं.

जिथे या तिघांपैकी काहीच नको

उतार तीव्र असेल, वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग दिसत असेल, झाडं किंवा खांब कलले असतील, जुनी उपळ अचानक गढूळ झाली किंवा नव्या जागी फुटली असेल, तर शेतीचा विचार थांबवा. तिथे खणू नका, यंत्राने सपाटीकरण तर मुळीच नको. 30 जुलै 2014 ला दरड कोसळून आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, 151 माणसं गेली. त्यानंतर डोंगर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली. पडकई ही उतारावर भातखाचरं हातांनी, दगडाने, गावाने मिळून थोडीथोडी तयार करायची रीत होती. त्याच नावाखाली एका उन्हाळ्यात यंत्राने डोंगराचा पायथा कापणं ही वेगळी गोष्ट आहे. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेत तेच दुःख पुन्हा आलं. अशी चिन्हं दिसली तर तलाठी आणि तहसीलदारांना लेखी कळवा आणि पावसात त्या उताराखाली मुक्काम करू नका.

घर बांधायला प्लॉट बघणाऱ्यांनाही हेच सांगेन. विकणारे मे महिन्यात जागा दाखवतात, तेव्हा सगळा डोंगर कोरडा असतो. ऑगस्टमध्ये जा. चिकण चिबडात शोषखड्डा काम करत नाही, आणि मागच्या भिंतीला पाणी सोडायची भोकं नसतील तर ती पोट काढते.

आमच्या तुकड्यावर खड्डा घेतला तेव्हा वरच्या निम्म्या भागात डोंगराकडून पाझर निघाला, खालच्या भागात नाही. म्हणून वर एक उतरता चर, खाली दोन खाचरं तशीच, आणि उपळीच्या तोंडाशी वाळा अशी वाटणी केली. चराखालचा पट्टा भाजीसाठी ठेवलाय. तिथे काय टिकतं ते कळायला अजून दोन पावसाळे जातील; तोवर दर श्रावणात त्याच जागी खड्डा घेऊन पाणी किती खाली गेलं ते मोजतो.